नानेटीला नानेटी म्हणा

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. सापावर आहे, पण नुसती सापावर नाही. वेळ असेल तरच वाचा.

गेल्या आठवड्यात जोराचा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शिफ्टला चाकणला आमच्या कंपनीच्या गेटाशी पन्नासेक माणसं गोळा झालेली. (कंपनीचं नाव विचारू नका, घराचे हप्ते अजून चालू आहेत.) मध्यभागी सिक्युरिटीवाला काठी घेऊन उभा, बाजूला सेफ्टीचे एक साहेब, आणि भोवती सगळ्यांचे मोबाइल वर. "कोब्रा का बच्चा है, पीछे हटो, पीछे हटो!"

मी वाकून पाहिलं. हाताच्या करंगळीएवढा जाड, दीड फूट लांब, मातकट रंगाचा साप. पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन पिवळसर पट्टे. बिचारा पेव्हर ब्लॉकवरून घसरत होता, त्याला पळायला गवत सापडत नव्हतं. मी म्हटलं, "अहो, ही नानेटी आहे. बिनविषारी. बाजूला व्हा, जाईल ती." साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पीपीई न घालता लाइनवर आलोय. "नानेटी? ये क्या होता है? तुम्ही गॅरंटी घेता का?"

गॅरंटी! एवढ्यात काठी पडली. तीनदा पडली. दुपारी कंपनीच्या ग्रुपवर फोटो आला, खाली "कोब्रा फाउंड ॲट मेन गेट, क्विक ॲक्शन बाय सिक्युरिटी टीम, ग्रेट जॉब". एकेचाळीस अंगठे मोजले मी. आपल्याकडे साप समजून भुई धोपटणारी माणसं असतात असं म्हणतात. इथं निदान साप तरी खरा होता, नाव मात्र खोटं होतं.

पण ही पोस्ट त्यामुळे लिहीत नाहीये. संध्याकाळी शिफ्ट सुटताना हाउसकीपिंगचा एक माणूस माझ्याजवळ आला. गोरखपूरकडचा, पन्नाशीचा, ठेकेदाराकडे आहे. त्यानंच सकाळी तो मेलेला साप सुपलीत भरून टाकला होता. हळूच म्हणाला, "साहब, वो तो सीता की लट थी. हमारे खेत में बहुत होती है. काटती नहीं." मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललास? तर म्हणाला, "सेफ्टीवाले बोले कोब्रा है, तो कोब्रा है."

आता नीट बघा. त्या गर्दीत दोन माणसांना त्या सापाचं नाव माहीत होतं. एकाला मराठीत, एकाला हिंदीत. आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्या हातात काठी होती, रजिस्टर होतं आणि ग्रुपचं ॲडमिनपद होतं. आता त्या दिवसाची नोंद आमच्याकडे "कोब्रा" अशीच राहणार.

मला नेहमी विचारलं जातं, नानेटी म्हणजे काय, अर्थ काय या शब्दाचा? शब्दांची मुळं खणत बसणारा मी नाही. मला माझ्या आज्जीनं शिकवलेला अर्थ माहीत आहे. आमचं रान इंद्रायणीच्या काठाला, मोशीच्या बाजूला. पावसाळ्यात बांधावर गवत वाढलं की त्यात ही हमखास दिसायची. मी पाच-सहा वर्षांचा असेन, दगड उचलला, तर आज्जी खुरपं न थांबवता म्हणाली, "आरं नानेटी हाय ती. जाऊ दे तिला." बस. एवढाच अर्थ. त्या शब्दातच सूचना होती. घोणस म्हटलं की आज्जी उठून उभी राहायची आणि आम्हाला हाताला धरून मागं ओढायची. मण्यार म्हटलं की रात्री अंथरूण झटकायचं. धामण म्हटलं की उंदरांचा बंदोबस्त झाला. नानेटी म्हटलं की हातातलं काम चालू ठेवायचं. सापाचं नाव म्हणजे पुढं काय करायचं याची खूण होती. आता एकच नाव उरलंय, कोब्रा, आणि त्याची एकच सूचना: मारा.

बाहेरच्या लोकांनीही या सापाला नावं ठेवताना काय गंमत केलीय बघा. १७५८ मध्ये लिनियसनं त्याच्या शास्त्रीय नावात "स्टोलाटस" हा शब्द घातला. प्राचीन रोममध्ये लग्न झालेल्या बायका जो पायघोळ झगा घालत त्याला स्टोला म्हणत. म्हणजे झगा नेसलेली. आणि तिकडं गंगेच्या खोऱ्यातल्या माणसाला त्याच पट्ट्यांत सीतेच्या केसांची बट दिसली. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन माणसांनी त्याच सापाकडं पाहिलं आणि दोघांनाही बाईमाणसाचा डौल आठवला, भीती नाही आठवली. आमच्या गेटावर एकविसाव्या शतकात मात्र फणा दिसला!

खरं सांगायचं तर फणा दिसण्याला थोडं कारण आहे, ते मान्य करतो. नानेटीला कोंडलं, डिवचलं की ती पुढचं अंग फुगवते, मान चपटी करते. मग खवल्यांच्या मधली रंगीत कातडी दिसते. न बघितलेल्याला वाटतं नागाचं पिल्लू. पण नागाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत असे दोन सरळ पिवळे पट्टे नसतात. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

आता मला जे उत्तर मिळतं ते मी आधीच लिहून टाकतो. "अहो, साप तो साप. विषाची परीक्षा कशाला घ्यायची? लेकराबाळांची घरं आहेत." हे बोलणाऱ्याला मी मूर्ख समजत नाही. आपल्या देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजारांच्या आसपास माणसं मरतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाख, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. मरणारी माणसं बहुतेक खेड्यातली आणि गरीब. त्यामुळे भीती खोटी नाही. पण या मुद्द्याची दुसरी बाजू कुणी बघत नाही. सगळ्यांना सरसकट विषारी म्हणणारा माणूस सावध नसतो, तो फक्त घाबरलेला असतो. आणि घाबरलेल्या माणसाला कुणीतरी "घाबरू नको, काही नाही" म्हटलं की तो लगेच ऐकतो. मग तिथं मरण येतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. एमआयडीसीला लागून असलेल्या एका वस्तीत पत्र्याच्या खोल्या आहेत, एका खोलीत आठ-आठ पोरं. सगळी जमिनीवर झोपणारी. त्यातला एक झारखंडचा पोरगा पहाटे पोट धरून उठला. सगळे म्हणाले मेसचं जेवण. त्याच खोलीत रात्री एक बारीक काळा साप निघाला होता आणि पोरांनी तो मारला होता. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून कुणाला तरी पाठवला, उत्तर आलं, "कवड्या है, नो पॉइझन." झालं, पोरं निर्धास्त. सूज नाही, दातांची खूण दिसत नाही, मग साप चावलाच कुठं? सकाळी आठ वाजता त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं, तेव्हा कुणीतरी शहाणपणानं त्याला गाडीवर घातलं. तो वाचला. बरेच दिवस मशीनवर श्वास घेऊन वाचला. तो कवड्या नव्हता, मण्यार होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते तेव्हा अनेकदा त्याला जागही येत नाही. दुखत नाही, सुजत नाही. पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास जातो. आणि कवड्या हा बिनविषारी साप अंगावरच्या आडव्या पट्ट्यांमुळे तिच्यासारखा दिसतो. आमच्याकडचे जुने जाणकार सांगायचे, कवड्याचे पट्टे मानेकडं ठळक आणि शेपटीकडं पुसट, मण्यारीचे शेपटीकडं ठळक आणि मानेकडं पुसट. हे ज्ञान बांधावर, दुरून, दिवसा बघायला ठीक आहे. पहाटे तीन वाजता, काठीनं ठेचलेल्या सापाच्या फोटोवरून, हजार किलोमीटरवरच्या माणसानं सांगायला नाही.

म्हणून गैरसमज नको. नावं शिका म्हणजे हातात धरा, असं मी म्हणत नाहीये. चावल्यावर नाव शोधत बसा असंही म्हणत नाहीये. साप चावला, कुठलाही, नानेटीच आहे अशी शंभर टक्के खात्री असली तरी, १०८ ला फोन करायचा आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. साप पकडून, मारून, पिशवीत घालून न्यायचा नाही. दोरी करकचून बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही. डॉक्टर लक्षणं बघतात, रक्त गोठतंय का ते वीस मिनिटं ठेवून बघतात, दिवसभर लक्ष ठेवतात. गरज नसताना प्रतिविष टोचलं तर त्याचीच जोराची रिॲक्शन येऊ शकते, हेही लक्षात घ्या. तेव्हा चावण्याआधीचं ज्ञान वेगळं आणि चावल्यानंतरचं काम वेगळं. आपण नेमकं उलटं करतो. आधी बघायचं नाही आणि नंतर फोटो पाठवत बसायचं.

या कामात आपल्या भागाला काही परंपरा नाही असंही नाही. हे फार वाईट वाटतं मला. सर्पविषावरचं औषध घोड्यांच्या रक्तापासून बनवतात आणि ते काम हाफकिननं आपल्या पिंपरीत केलंय. मोरवाडीपासून रिक्षानं पोहोचाल एवढ्या अंतरावर. वर नारायणगावला डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण बघतायत, जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांना त्यांचं नाव तोंडपाठ आहे. खाली पुण्यात नीलमकुमार खैऱ्यांनी १९८० साली बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काढले आणि पुढं कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं. चिंचवडच्या संभाजीनगरात आपल्या महापालिकेचंही सर्पोद्यान होतं, बहिणाबाईंच्या नावाचं. माझ्या वयाच्या शाळकरी पोरांनी पहिली मण्यार तिथंच काचेमागं पाहिली. ते नूतनीकरणाच्या नावाखाली कितीतरी वर्षं बंद राहिलं. या शहराची एक पिढी त्या काचेसमोर उभी न राहताच मोठी झाली, आणि आज त्याच पिढीतली माणसं सोसायटीच्या कमिटीवर आहेत, सेफ्टी डिपार्टमेंटला आहेत. नानेटी म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं तर त्यांचा तरी काय दोष?

दोष आपला आहे. आपला म्हणजे गाववाल्यांचा. १९९७ ला मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली शहरात गेली. त्याच्या आधी-नंतर खेड तालुक्यात एकामागून एक एमआयडीसीचे टप्पे आले. जमिनीचे पैसे आले, गुंठ्याचे भाव आले, आणि त्या भावांची चर्चा करायला आपल्याला जेवढे शब्द लागले तेवढे आपण शिकलो: सातबारा, एनए, एफएसआय, टीडीआर. आणि बांधावरचे शब्द सोडून दिले. माझ्या सख्ख्या पुतण्याला एफएसआय समजतो, नानेटी समजत नाही. त्याला मी विचारलं तर म्हणाला, "काका, स्ट्राइप्ड कीलबॅक म्हणायचं आहे का तुम्हाला?" इन्स्टावर बघितलं होतं. चला, काहीतरी माहीत आहे. पण सिक्युरिटीच्या पोराला "स्ट्राइप्ड कीलबॅक" म्हणून सांगून बघा, काठी थांबते का.

त्यात रीलवाले. सगळे सर्पमित्र तसे नाहीत हे आधीच सांगतो. रात्री दोन वाजता स्वतःच्या पेट्रोलनं येणारे, साप पिशवीत घालून गुपचूप रानात सोडणारे, वनखात्याला कळवणारे मी पाहिलेत आणि त्यांच्या पाया पडावं असं काम आहे त्यांचं. पण कॅमेरा लावून नानेटीला शेपटीनं लोंबकळवणारा आणि वर "खतरनाक" असं म्युझिक लावणारा, तो सर्पमित्र नाही. साप पकडणं, मारणं, बाळगणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा विषय आहे. व्ह्यूजसाठी त्याची सूट नाही. आणि काही बातमीदार मंडळींनाही हात जोडून विनंती: दर पावसाळ्यात "दुर्मिळ साप आढळल्याने खळबळ" छापू नका हो. नानेटी दुर्मिळ नाही. तुमचं गवतात जाणं दुर्मिळ झालंय.

खरं तर ती ज्या दिवशी दुर्मिळ होईल त्या दिवशी खळबळ व्हायला पाहिजे. तिचं खाणं बेडूक. बेडूक तिथं, जिथं ओढ्याला पाणी आहे आणि त्या पाण्यात जीव जगतो. आमच्या गेटाशी ती आली ती काही हाजिरी लावायला आली नव्हती. कंपाउंडच्या मागून ओढा जायचा. तो आता सिमेंटच्या पाइपातून जातो. पाऊस पडला की पाणी, बेडूक आणि नानेटी तिघंही जुन्या वाटेनं येतात आणि पेव्हर ब्लॉकवर अडकतात. इंद्रायणीच्या फेसाचे फोटो सगळे टाकतात, ठीक आहे, टाकायलाच पाहिजेत. पण फेस शेवटी दिसतो. ओढ्याची नानेटी त्याच्या कितीतरी आधी जाते आणि तिचा फोटो कुणी टाकत नाही, कारण तिचं नाव कुणाला माहीत नाही.

केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरलंय. चांगलं आहे. आता माझा प्रश्न आपल्या इथल्या कंपन्यांना, ठेकेदारांना आणि पालिकेला आहे. तो आराखडा आमच्या गेटाच्या आत कधी येणार? माझ्या इंडक्शनला दोन दिवस गेले. हेल्मेट, शूज, आग, गळती, जिना उतरताना कठड्याला हात, सगळं शिकवलं. माळरानावर, शेतात, ओढ्यावर कारखाने उभे केलेत, हजारो माणसं रात्रपाळीला गवतातून ये-जा करतात, पत्र्याच्या खोल्यांत जमिनीवर झोपतात, आणि सापावर एक स्लाइडसुद्धा नाही. एका पोस्टरचा खर्च किती? साहेबांच्या वाढदिवसाच्या केकपेक्षा कमी. त्यावर चार विषारी साप पाहिजेत: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. शेजारी नेहमी दिसणारे बिनविषारी: धामण, दिवड, तस्कर, कवड्या, नानेटी. नावं मराठी, हिंदी, बंगाली, उडिया, जी माणसं तिथं काम करतात त्यांच्या भाषेत. खाली १०८ आणि वनखात्याचा १९२६. आणि जमिनीवर झोपणाऱ्यांना खाट आणि मच्छरदाणी. पोस्टरपेक्षा ही खाट महाग आहे, म्हणून ती शेवटी सांगितली. पण मण्यारीपासून खरा जीव तीच वाचवते.

सेफ्टीच्या साहेबांशी मी नंतर बोललो. माणूस वाईट नाही. म्हणाले, "तुम्ही सांगता ते बरोबर असेल, पण उद्या काही झालं तर मला विचारतील." मी म्हटलं, साहेब, परवा झारखंडच्या पोराला झालं तेव्हा कुणी कुणाला विचारलं? ते गप्प बसले. मग म्हणाले, नोटीस बोर्डावर लावा तुम्हाला काय लावायचं ते, माझी सही घेऊन जा.

म्हणून परवा मी कॅन्टीनबाहेरच्या बोर्डावर नऊ सापांचे फोटो लावले, खाली मार्करनं मराठी नावं. गोरखपूरच्या त्या माणसाला बोलावलं आणि त्याच्याकडून नानेटीच्या खाली हिंदीत लिहून घेतलं. तो आधी नको नको म्हणत होता. लिहिल्यावर दोन पावलं मागं जाऊन बघत उभा राहिला. काल गेलो तर त्याच्याखाली कुणीतरी पेननं "हेले" लिहिलेलं. पेंट शॉपमधला बंगालचा पोरगा निघाला. त्यांच्याकडं म्हणे म्हण आहे, हेले धरता येत नाही आणि निघाला नाग धरायला. त्यानं ती ऐकवली तेव्हा सिक्युरिटीचा तो काठीवाला शेजारीच चहा पीत होता. तोही हसला.

बोर्डावर अजून जागा आहे. खेड, मावळ, मुळशी, हवेलीत, नाहीतर तुमच्या मूळ गावी, या पिवळ्या पट्ट्यांच्या सापाला काय म्हणतात ते गावाच्या नावासकट खाली लिहा. आजी-आजोबांना विचारून लिहा. गूगल करून नको.